मिस्त्रींचा कान

शिलाई मशिनच्या दुरुस्तीत मिस्त्रींचा हात धरणारं कोणी नव्हतं. मशिन दुकानात आलं की ते आधी त्याला कान लावायचे. "शटल घासतंय," एवढंच म्हणायचे, आणि नेमका तोच बिघाड निघायचा. बायको गिऱ्हाइकांना सांगायची, "आपल्याला ऐकू येत नाही ते ह्यांना येतं!" नवऱ्याचं कौतुक करावं, पण किती? असो.

म्हणून शिंपीणबाईंचं मशिन त्यांनी तिसऱ्यांदा खोललं, तेव्हाही बायकोला काही वावगं वाटलं नाही.

"अहो, चांगलं चालतंय की!" शिंपीणबाई कुरकुरल्या.

"आत कुणीतरी बोलतंय," मिस्त्री म्हणाले. सगळे हसले. बायकोही हसली.

मग मिस्त्री जेवण अर्धवट टाकून उठू लागले. झोप उडाली, दाढी वाढली, भावाचा फोनही घेईनात. तिच्या मनात पाल चुकचुकली. पण कामाचा ताण असेल, असं म्हणून तिने विषय झटकला.

एका दुपारी ती डबा घेऊन दुकानात आली. एकही मशिन चालू नव्हतं. मिस्त्री भिंतीकडे तोंड करून हळूच म्हणत होते, "मी काही केलेलं नाही. तिला यात ओढू नका."

तिने पंखा बंद केला. दुकान चिडीचूप झालं, तरी त्यांचा कान तिकडेच. हातात स्क्रूड्रायव्हर. एकोणीस वर्षांच्या संसारात तिला पहिल्यांदाच नवऱ्याची भीती वाटली, आणि त्या भीतीची लाजही वाटली.

"कुणाशी बोलताय?"

ते वळले. दोन पावलं मागे सरकले. "अगं, तुला खरंच ऐकू येत नाही?"

'येतं' म्हणून मोकळं व्हावं, असं तिला क्षणभर वाटलं.

"नाही हो. पण तुम्हाला येतंय आणि तुम्ही घाबरलाय, हे दिसतंय मला. डॉक्टरांकडे जाऊ."

"कानाच्या?"

"नाही. मनाच्या. मी आहे ना सोबत."

मग स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून त्यांनी चपला घातल्या.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हे आवाज कधीपासून येतायत?"

"महिना झाला असेल," बायको घाईघाईने म्हणाली.

मिस्त्रींनी मान खाली घातली.

"दोन वर्षं," ते म्हणाले. "घरी बोललो नाही. ही घाबरली असती."