चॅनल शोधताना दिसलेला माणूस

भूतखेत, आत्मा वगैरे मी कधीच मानलं नाही. पंधरा वर्षं झाली, आरमोरी भागात लोकांच्या घरी डिश बसवतो. टीव्हीवरचं चित्र कुठून येतं हे मला पक्कं माहीत आहे... म्हणजे होतं, असं म्हणतो आता.

दोन वर्षांपूर्वीचा मार्च. आरमोरीपासून बावीस किलोमीटर आत, जंगलाला लागून असलेल्या गावात सुमनबाईंकडे गेलो होतो (नावं बदलली आहेत). सकाळचे साडेदहा झाले असतील. बाई एकट्याच होत्या. नवरा, देवराव, पहाटेच मोहफुलं वेचायला गेलेला.

स्लॅबवर डिशची छत्री उभी केली, केबल खाली सोडली, बॉक्स टीव्हीला जोडला आणि स्कॅनला लावलं. एरवी चॅनलचं एकेक नाव येत जातं. इथे एकदम चित्रच आलं — मोहाचं झाड, खाली पाला जाळून साफ केलेली जागा, कलंडलेलं टोपलं, आणि बाजूला कुशीवर पडलेला माणूस. आवाज नाही. माणसाचा हात तेवढा मधूनमधून हलत होता.

मला वाटलं, सिनेमा असेल. बाई चहा घेऊन आल्या आणि तशाच थांबल्या.

"भाऊ, हे त आमचंच झाड व्हय," त्या हळूच म्हणाल्या. "अन् हा आमच्या घरचा माणूस."

मी हसलो. सांगायला लाज वाटते, पण हसलो. असं टीव्हीत येत नसते बाई, सगळी झाडं सारखीच दिसतात, असं समजावलं आणि त्यांच्यासमोरच पुन्हा स्कॅन मारला. चित्र गेलं. मग नुसतं 'नो सिग्नल'. संगं चालता का, म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आधी सिग्नल त लागू द्या. अर्धा तास मी सेटिंगमध्येच डोकं घालून बसलो. त्या दारात उभ्या राहिल्या, मग एकट्याच निघाल्या. तेव्हा कुठे मला कसंतरी वाटलं आणि गाडी काढून मागे गेलो.

झाड गावापासून दीड किलोमीटरवर होतं. टोपलं कलंडलेलं. देवराव तसाच, कुशीवर. अंग गरम होतं, श्वास नव्हता. तरी दवाखान्यात नेलं. हार्ट अटॅक, डॉक्टर म्हणाले. जीव जाऊन फार वेळ झाला नव्हता.

संध्याकाळी सामान आणायला स्लॅबवर चढलो तर केबलचं टोक छत्रीखाली नुसतं लोंबत होतं. मी ते जोडलंच नव्हतं. जोडायची पिन माझ्या शर्टाच्या खिशात होती.

पंधरा दिवसांनी बाईंनी बोलावलं. नीट जोडून दिलं, सगळे चॅनल लागले. त्यांनी एकेक करून सगळे बघितले. मग म्हणाल्या, "पयल्यावानी लावून पाहा ना भाऊ. एखाद टाइम दिसून जाईल."

मी वर जाऊन केबल काढून आलो. निळ्या स्क्रीनसमोर आम्ही दोघं तासभर बसलो. काही आलं नाही. शेवटी टीव्ही त्यांनीच बंद केला.

जवळच्या वडशाच्या जुन्या फिटर लोकांनाही विचारून पाहिलं. केबल जोडल्याशिवाय चित्र येतच नाही, असंच सगळे म्हणाले. बाईंनी मला आजवर एका शब्दाने बोल लावला नाही... लावला असता तर बरं झालं असतं.