अपडेट होईना, कारण तारीख

जुना संगणक रोज अपडेट शोधतो आणि रोज अपयशाचा तोच संदेश दाखवतो, हे आपणही पाहिले असेल.

चाकणला साचे बनवण्याचे वर्कशॉप चालवणारे शिंदेकाका रोज संध्याकाळी मेन स्विच बंद करून घरी जातात. त्यांच्या संगणकातील, वीज नसतानाही घड्याळ चालू ठेवणारी नाण्याएवढी बॅटरी संपली होती. त्यामुळे रोज सकाळी तारीख कित्येक वर्षे मागे जाई आणि चुकीच्या तारखेमुळे अपडेटची सुरक्षित जोडणी नाकारली जाई.

आज त्यांचा संगणक तपासून मी त्यांना हे उत्साहाने समजावत होतो. काका म्हणाले,

"हे काल सांगायचंस ना राव. सकाळी सगळं पुसून सिस्टीम परत टाकून घेतली."

"आणि साच्यांची ड्रॉइंग?"

"त्यातच होती."

नव्या बॅटरीने अपडेट सुरू झाले. ड्रॉइंग मात्र गेली.

म्हणून काहीही पुसण्याआधी संगणक रात्रभर भिंतीवरच्या स्विचवरून बंद ठेवा. सकाळी इंटरनेट न जोडता पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहा. ती मागे गेलेली दिसली, तर आधी ही बॅटरी बदला.