बाहेरून कडी

"मावशी, आत जा. आवाज करू नको." एवढं बोलून मालकिणीने मला संडासात ढकललं आणि बाहेरून कडी लावली.

हाताला पीठ तसंच. दिव्याचं बटण बाहेर, तेही तिने बंद केलं. खोकला येईल म्हणून मी पदर तोंडात कोंबला. हे काम गेलं तर या वयात दुसरं कोण देणार, एवढंच डोक्यात.

एव्हरशाईन नावाच्या वसाहतीजवळच्या गाळ्यात तिचं डब्यांचं स्वयंपाकघर होतं. पोळ्या मी लाटायची. डबा लावायच्या आधी बायका स्वयंपाकघर बघायला यायच्या. त्या आल्या की मी आत. मी वारली आदिवासी. रंगाने काळी, दोन्ही हातांवर गोंदण. ते हात पिठात दिसायला नकोत. आमच्याच पाड्यातला एक माणूस दारात टेम्पोत डबे चढवायचा. तो चालायचा. पुरुषाने ओझं उचललं तर त्याची जात कोण बघतो?

ही मला विसरली तर, असं आत सारखं वाटायचं. एकदा विसरलीच. गिऱ्हाईक गेलं, ती जेवायला बसली. दार वाजवायची माझी छाती झाली नाही. भांडी घासणारीने कडी काढली तेव्हा मी घामाने भिजले होते. मालकीण हसली. "अगं, हाक मारायची ना."

पुढे तिने माझ्या नातीला माझ्या हाताखाली कामाला घेतलं. दहावी झालेली पोर. माझ्याच रंगाची. पहिलं गिऱ्हाईक दारात आलं तशी मालकीण हळूच म्हणाली, "मावशी, हिलाही घेऊन जा आत."

पोर माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तोच अंधार, आणि आता त्यात हीसुद्धा.

"मी नाही जात," मी म्हटलं. "पोरगी पण नाही जाणार."

आलेल्या बाईने माझ्या हातांकडे पाहिलं. मी लाटत राहिले.

बाई डबा न लावताच गेली. मालकिणीने आम्हा दोघींना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

भीती गेलेली नाही. अजून बाहेरून कडी वाजली की दचकते. नवीन काम शोधते आहे. जाईन तिथे आधी दारातच हात पुढे करून गोंदण दाखवणार. नको असेल तर तिथेच नको म्हणा, माझ्या तोंडावर. कडीआड मी जाणार नाही. पोरीलाही जाऊ देणार नाही.