शून्य झाडांचा माळ

परवा शनिवारी कल्याणच्या पुढे एका माळावर उभ्या उभ्या मला दरदरून घाम फुटला. ऊन तसं फार नव्हतं... घाबरून फुटला.

आधी माझं काम सांगते. घोडबंदर रोडला आमचं ऑफिस आहे. सॅटेलाइटच्या फोटोवरून कॉम्प्युटर सांगतो कुठल्या जमिनीवर किती झाडं आहेत, आणि मी तपासून खाली नाव टाकते. या माळापुढे लिहिलेलं, झाडं शून्य. खाली माझंच नाव.

झाडं शून्य म्हणजे जागा मोकळी, म्हणून तिथे वृक्षारोपण ठरलेलं. सोमवारी जेसीबी येऊन सगळं सपाट करणार, मग रांगेत रोपं लावणार. त्याआधी जागेचा एक फोटो हवा होता. मी कोपरला राहते, त्यातल्या त्यात जवळ, म्हणून मलाच पाठवलेलं.

पोचले तर समोर पिवळं पडलेलं गवत आणि त्यात जिकडेतिकडे झाडं! चांगली हिरवी, पानांनी भरलेली. वाटलं, रिक्षावाल्याने भलतीकडे सोडलं. मोबाईलवर लोकेशन तीनदा बघितलं... जागा तीच.

खाली एक काकू गवत कापत होत्या. माळ त्यांचाच. फुकट झाडं लावून देतायत म्हणून घरच्यांनी हो म्हटलेलं, पण जेसीबीचं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं तेव्हा त्यांचा विळा हातातच राहिला.

मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. "यो फोटू कवा कारला गो बाय?"

म्हटलं, मार्चमध्ये.

"मंग बरोबर. तवा आमी राब कारतो. नुसतं खांब उभं असतान. वरून काय दिसनार?"

राब म्हणजे काय ते मला त्या बांधावर बसून कळलं. भाताची रोपं करायची जागा आधी भाजून घेतात. त्यासाठी माळावरच्या या झाडांच्या, म्हणजे ऐनाच्या, फांद्या छाटतात, वाळवतात आणि तिथे पसरून जाळतात. झाड मरत नाही, पावसात परत फुटतं. त्यांच्या सासऱ्यांच्या आधीपासून हेच ऐन असे दरवर्षी छाटले जातायत... आणि मी एसीत बसून त्यांना शून्य लिहून मोकळी झालेले.

काकू एकेका खोडाला हात लावत पुढे, मी मोजत मागे. एकसष्ट भरले. तिथूनच सरांना फोन केला, फोटो पाठवले. रविवारी संध्याकाळी मेसेज आला, जेसीबी रद्द.

घरी आईला सांगितलं, तर ती शांतपणे भाजी निवडत म्हणाली, अगं, मार्चात ऐनाला पाला कुठून असणार? तिचं माहेर तिथून दोन गावं पलीकडे. लहानपणी तिने डोक्यावरून राबाचे भारे वाहिलेत. इतकी वर्षं मी झाडं मोजायची नोकरी करतेय आणि एकदाही तिला काही विचारलं नाही. लाज वाटली, खरंच.

पण खरा धक्का सोमवारी बसला. ऑफिसात जुन्या फाइल्स उघडल्या. आमचे सगळे फोटो मार्चचे. पावसाळ्यात ढग असतात, म्हणून आम्हीच ठरवून मार्चचे घेतो... नेमके राबाच्या दिवसांतले. वृक्षारोपणाच्या यादीतले उरलेले माळ आता मी पायी फिरून बघणार आहे, आई सोबत येते म्हणालीय.

काकू, तुम्ही हे वाचणार नाही, तरी मनापासून थँक्यू. तुमचे एकसष्ट वाचले.

गेल्या वर्षी मात्र असेच तीन माळ सपाट करून झालेत. तिन्हींपुढे माझंच शून्य आहे, आणि तिथे किती ऐन होते ते आता मोजता येणार नाही.