कॉम्प्युटर कल्याणला, गाडी वैशाखरेला

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचते. खरं सांगू? निम्म्यांवर माझा विश्वास बसत नाही. आमच्या घरात भुताखेताचं नाव काढायची सोयच नव्हती. कोणी "अमक्याला झपाटलंय" म्हणालं, की बाबा त्याला सरळ दवाखान्यात घेऊन जायचे. त्यात मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेला, आसनगावच्या एका कारखान्यात टेस्टिंगला होते. जोडणी नाही तिथे करंट नाही, हे माझं रोजचं काम. म्हणून हे लिहायला एवढी वर्षं गेली... हसणारे हसतील, पण घडलं ते असं.

दोन हजार तीन-चारचं साल असेल. मे महिना. आम्ही शहापूरला राहायचो. घरात मी आणि कमलताई, दोघीच. आई गेली तेव्हा मी शाळेत होते. ताईने अंगणवाडीची नोकरी धरली, मला शिकवलं, बाबांचं शेवटचं आजारपण काढलं. या सगळ्यात तिची चाळिशी उलटली. आणि मग अचानक तिने मला सांगितलं, "मी लग्न करतेय." वैशाखरेचे वसंतराव, मुरबाड डेपोत कंडक्टर. पहिली बायको वारलेली. अंगणवाडी सेविकांच्या मीटिंगला जाता-येता त्यांच्या एसटीत ओळख झाली होती. मी तर घरभर नाचले!

नातेवाईकांनी मात्र नाकं मुरडली. यमुनामावशी तर तोंडावरच म्हणाली, "आता या वयात कशाला गो? लोकं हसतील."

ताईने ते मनाला लावून घेतलं. वरून दाखवायची नाही, पण साडीची घडी चार-चार वेळा मोडायची.

त्यातच माझी गाडी बंद पडली. सेकंडहँड घेतलेली पांढरी चारचाकी, पण मला फार प्रिय. चालता चालता आचके द्यायची, मीटरवरचा पिवळा दिवा लागायचा आणि इंजिन गप्प. किन्हवली रस्त्यावर दत्तूचं गॅरेज होतं. दत्तू माझ्या शाळेतला, माझ्याच वर्गातला. त्याने सगळं तपासून सांगितलं, "ज्योती, कॉम्प्युटर गेलाय हिचा."

कॉम्प्युटर म्हणजे ईसीएम. या गाड्यांना कार्बोरेटर नसतो. पेट्रोल किती सोडायचं, स्पार्क कधी द्यायचा, हे सगळं तो चपटा डबा ठरवतो. डाव्या सीटपुढे, पाय ठेवतो तिथे वर बसवलेला असतो. आमच्या डब्यात पावसाचं पाणी झिरपून आतली सर्किटची पट्टी हिरवी पडली होती. नवा बसवायला हवा होता.

"लग्नाला मिळेल गाडी?"

"बघतो गो. पार्ट कल्याणला मिळाला तर देतो."

मी गाडीची आशा सोडली आणि नवरीसाठी जीप ठरवली. लग्नाच्या सकाळी सगळी मंडळी टेम्पोने पुढे गेली. मी आणि ताई मागे. ताई पांढऱ्या साडीत, केसांत मोगरा... इतकी सुंदर दिसत होती की मला तिच्याकडे बघवेना, डोळे भरून यायचे. आणि जीपवाल्याचा फोन आला. क्लच गेला, येत नाही.

मी चार ठिकाणी फोन फिरवले. लग्नसराई, एक गाडी मोकळी नाही. आमच्यात मुहूर्ताची भानगड नसते, पण भंतेजींना तिथून पुढे दुसऱ्या लग्नाला जायचं होतं.

ताई ओट्यावर बसली. म्हणाली, "जाऊ दे ज्योती. मावशी बोलली ते खरंच असंल. नको व्हायला हे."

"ताई, उठ! दत्तूकडं जाऊ. काय ना काय मिळंल."

नवरी भर रस्त्यातून चालत गॅरेजला गेली. दुकानांतली माणसं बाहेर येऊन बघत होती. गॅरेजमध्ये दत्तू नव्हता. त्याची आई मागच्या घरातून आली.

"तो कल्याणला गेलाय पार्ट आणाया. तुझी गाडी ही काय, हाय की."

"झाली का ती?"

"मला काय कळतंय बाय? चावी लटकवलेली हाय, घे."

ताई म्हणाली, "एकदा फिरव चावी. चालू झाली तर जाऊ. नाय झाली तर मी घरी जाते, आणि परत मला कोणी लग्नाचं बोलायचं नाय."

ती हे रागाने बोलली नाही, म्हणूनच मी घाबरले. चावी फिरवली...

पहिल्या झटक्यात इंजिन लागलं. आणि कसं! नव्या गाडीसारखं. पिवळा दिवा नाही, आचका नाही. मला वाटलं, दत्तूने जुन्याच डब्याचं काहीतरी जमवलेलं दिसतंय. ताईला डाव्या सीटवर बसवलं आणि निघालो.

शेणवे, किन्हवली, सरळगाव. तो प्रवास मी कधी विसरणार नाही. काचा खाली, रस्त्याकडेला बहावा पिवळाधमक फुललेला. ताई आधी पदराची घडी मोडत बसली होती. मग हळूच म्हणाली, "पायाला कायतरी लागतंय गो, वायरीसारखं." मी म्हटलं, "सरकव पायाने." तिने सरकवलं. किन्हवली सोडल्यावर ती गुणगुणायला लागली, आणि सरळगावला हायवेला लागलो तेव्हा आम्ही दोघी मोठमोठ्याने गात होतो. टोकावड्याच्या पुढचा चढ गाडीने चौथ्या गिअरवर घेतला. एरवी तिथे ती तिसऱ्यावरही धापा टाकायची.

मांडवात भंतेजी घड्याळ बघत होते. वसंतराव रस्त्यावर येऊन उभे होते, फेट्याचा शेमला हातात धरून. गाडी बघितली आणि हा मोठा माणूस चक्क पळत आला. त्रिशरण, पंचशील झालं, हार घातले. यमुनामावशीच सगळ्यात जास्त रडली.

जेवणाच्या पंगती बसल्या होत्या, तेवढ्यात दत्तू मोटारसायकलवर आला. कल्याणहून परस्पर जेवायला आलेला, आणि माझी गाडी दारात बघून चक्रावलेला.

"ज्योती, गाडी कोणी आणली इथं? दोरीने टोचन करून?"

"मी आणली. चालवत. तुझ्या आईने चावी दिली."

"चेष्टा नको करू."

"अरे, ताईला विचार!"

त्याने पाठीवरची सॅक काढली. आतून दोन डबे बाहेर काढले. एक नवा, कागदात गुंडाळलेला. दुसरा जुना, कडेला हिरवट डाग पडलेला... माझ्याच गाडीचा. कल्याणच्या दुकानदाराला नंबर जुळवायचा होता, म्हणून दत्तू सकाळीच तो काढून सोबत घेऊन गेला होता.

मी म्हटलं, "मग गाडीत काय आहे?"

"काय नाय. तेच तर सांगतोय. गाडीत काय नायच!"

आम्ही दोघं गाडीकडे धावलो. मी डाव्या सीटपुढे खाली बसून वर हात घातला. जागा रिकामी. जाडजूड वायरींचा झुपका, टोकाला मोकळा कनेक्टर, त्यावर दत्तूने धुळीसाठी बांधलेली प्लॅस्टिकची पिशवी तशीच. गाठ सुटलेली नव्हती. ताईच्या पायाला लागत होतं ते हेच.

"चावी मार," दत्तू म्हणाला. मी मारली. स्टार्टर फिरला, फिरत राहिला, इंजिनाने पकडलंच नाही. पुन्हा मारली. पुन्हा तेच. पेट्रोल पंपाचा नेहमीचा बारीक आवाजही नाही. अर्धं वऱ्हाड भोवती जमलं होतं. आणि मला, का कुणास ठाऊक, हसू यायला लागलं. दत्तू माझ्याकडे बघून हसला. मग आम्ही दोघं पोट धरून हसत सुटलो आणि लोकांना कळेना काय झालं.

दत्तूने तिथेच, मांडवाच्या कडेला, नवा डबा बसवला. गाडी सुरू झाली तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. वसंतराव हातात जिलेबीचं ताट घेऊन आले आणि पहिली जिलेबी दत्तूच्या तोंडात कोंबली.

मी गप्प बसणारी नव्हते. कारखान्यातल्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, डब्याशिवाय स्पार्क नाही, पेट्रोल नाही, प्रश्नच येत नाही. तुमच्या मेकॅनिकची गफलत असेल. पण रिकामी जागा मी माझ्या हातांनी चाचपली होती. पुढे एका रविवारी गॅरेजमध्ये आम्ही डबा काढून मुद्दाम प्रयोग केला. ताई आणि वसंतराव खास वैशाखरेहून आले. ताई त्याच सीटवर बसली, हट्टाने मोगरा माळून, लग्नातली साडीसुद्धा नेसून! नाही झाली चालू. वसंतरावांनी बॉनेटला नमस्कार केला, तरी नाही. त्या दिवशी इतकं हसलो की दत्तूची आई रागावली.

ताईला विचारलं तर ती खांदे उडवते. "तुला वायरी कळतात, तू सांग," म्हणते.

मला सांगता येत नाही. शहापूर ते वैशाखरे तो सगळा रस्ता मी गाडी चालवली, आणि त्या वेळी तिचा कॉम्प्युटर दत्तूच्या सॅकमध्ये कल्याणच्या बाजारात फिरत होता. कुणाला कारण माहीत असेल तर जरूर लिहा. मी अजून शोधतेय. ताईने शोधणं कधीच सोडलं. तिला संसारातून वेळ नाही.