मूठवाल्या अक्का

‘हे जमणार नाही’ असं कुणी म्हटलं, की मूठवाल्या अक्कांना हुरूप येई. ऐंशीच्या दशकात मी शिक्षिका म्हणून शिरपुरात गेले, तेव्हा त्यांचं सुऱ्या-विळ्यांचं दुकान माझ्या खोलीसमोरच होतं.

नवरा वारल्यावर त्यांच्या थोरल्या दिरांचा, नानांचा, दुकानावर डोळा होता. वखारवाल्याला सांगून त्यांनी अक्कांचं लाकूड बंद केलं. पाती बाहेरून यायची, पण मुठी कशाच्या करायच्या? अक्कांनी लोकांनी टाकलेली आंब्याची, सिरसाची मऊ पडलेली खोडं गोळा केली. मी म्हटलं, “अहो, हे चुलीत घालायचं.” तर म्हणाल्या, “बाई, लाकूड सडनं शे, मरनं नही.” म्हणजे सडलंय, मेलेलं नाही.

अगदीच भुगा झालेलं त्या टाकून देत. बाकीचे तुकडे पत्र्यावर महिनाभर वाळवायचे, तव्यातल्या वाळूत तापवायचे आणि गरम असतानाच चुलीवरच्या पातेल्यातल्या राळ आणि जवसाच्या तेलात बुडवायचे. बुडबुडे थांबले, की म्हणत, “पोट भरनं.” मग पातेलं तसंच निवू द्यायचं. निवताना लाकूड तेल आत ओढून घेतं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

पहिल्या मुठी मे महिन्यात हाताला चिकटायला लागल्या. गिऱ्हाइकांनी सुऱ्या परत आणल्या. अक्कांनी त्या ठेवून घेतल्या, राळ कमी केली आणि पुन्हा पातेलं चढवलं. दोन उन्हाळे त्यात गेले.

मुठी खपायला लागल्या तसे नाना एका बाजाराच्या दिवशी दुकानापुढे येऊन उभे राहिले. “ही बाई सडेल लाकूड इकस,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. “कुणाचा तरी हात कापला जाईल एक दिवस.” माणसं थबकली.

अक्का ओट्यावरून उतरल्या. एक सुरी आणि हातोडा त्यांनी नानांपुढे धरला. “नाना, फोडा. मी आठेच, तुमनासमोर उभी शे.”

नानांनी मूठ दगडावर ठेवून तीन घाव घातले. खोक पडली, मूठ फुटली नाही. अक्का म्हणाल्या, “अजून मारा.” नाना हातोडा टाकून निघून गेले.

पुढे नव्वदच्या दशकात धुरानं अक्कांची छाती धरली आणि एका हिवाळ्यात त्या गेल्या. दहाव्याला पाणी तापवायचं होतं. नानांनी सरपणासाठी अक्कांच्या परसातल्या खोडांकडे बोट दाखवलं. सासरहून आलेली अक्कांची मुलगी उठून खोडांपुढे आडवी उभी राहिली.

“त्याले हात लावू नका, नाना. मना धंदा शे तो.”

आईचा धंदा तिनं ‘माझा’ म्हटला होता. तेरावा झाला आणि दुसऱ्या सकाळी मी शाळेला निघाले, तर दुकानाच्या फळ्या काढलेल्या होत्या आणि आत अक्कांची मुलगी बसली होती.