आजा कोण?

वऱ्हाडातल्या गोवंशाचा उद्धार सुरू झाला तेव्हा मी तिथे हजर होतो. उद्धार अकोल्याहून मोटारलॉरीतून किन्हीराजाला आला आणि खाली उतरायला तयार होईना. शेवटी चार गड्यांनी त्याला शेपटीकडून ओढून काढलं. आमच्या साहेबांनी हॅट काढून छातीशी धरली आणि त्या पांढऱ्याशुभ्र सरकारी वळूच्या सात पिढ्या गावासमोर तोंडपाठ म्हणून दाखवल्या. लोक हात जोडून उभे राहिले. पोथी चालली आहे असं बऱ्याच जणांना वाटलं.

तीस सालानंतरची गोष्ट. साहेब वाशीमच्या ढोरांच्या दवाखान्यात वंशसुधारणेचं काम पाहत, मी तिथला कारकून. कोणतंही जनावर दिसलं की ते आधी मागून बघत, मग बाजूने, आणि तोंडाशी पोचेपर्यंत विचारत, "आजा कोण?" बाप त्यांना पुरत नसे. मला कामावर घेतानाही त्यांनी हेच विचारलं. आजोबा पटवारी होते, असं मी सांगितलं. "मग अक्षर बरं असणार," म्हणून त्यांनी मला वंशावळीचं रजिस्टर दिलं. आजोबांचं अक्षर आजोबांनाही लागत नसे, पण तेव्हा मला नोकरी हवी होती.

महिन्यातून एकदा आम्ही किन्हीराजाला जायचो. वाशीमजवळच्या मालेगावपर्यंत सर्व्हिसची मोटार, पुढे बैलगाडी. पारावर साहेब लोकांना परदेशातल्या एका पाद्र्याच्या वाटाण्यांची गोष्ट सांगत. हिरवे, पिवळे, गुळगुळीत, सुरकुतलेले. एका पिढीत दडलेलं पुढच्या पिढीत कसं वर येतं. लोक माना हलवत. एका म्हातारीने एकदाच विचारलं, "मंग ते वाटाने शिजत होते का?" साहेबांनी ती शंका प्रामाणिकपणे टिपून घेतली.

या म्हातारीची गावाबाहेर भाजीची वाडी होती आणि तिच्याकडे भुऱ्या नावाचा वळू होता. मातकट रंग, ठेंगणी मान, डावा कान मधोमध मुडपलेला. साहेबांनी त्याला पहिल्याच दिवशी मागून पाहिलं होतं आणि पुढे जायची गरज त्यांना वाटली नव्हती. गावठी वळू खच्ची करायच्या यादीत भुऱ्याचं नाव सर्वांत वर होतं.

सरकारी वळू पाटलांच्या गोठ्यात राहिला. त्याला सरकी, कडबा, सणाला पुरणपोळी. गाव त्याला 'जावई' म्हणे. रजिस्टर भरभर भरत होतं. साहेब विचारत, हे वासरू कोणाचं? लोक सांगत, सरकारचं. मी तसं लिहीत असे.

वासरं खरोखरच चांगली निघाली. छाती रुंद, पाय घट्ट. एवढंच की जवळजवळ सगळ्यांचा डावा कान मुडपलेला होता. साहेबांनी त्यावर अकोल्याला चार पानी अहवाल धाडला. जावयाच्या पणजीचा दडलेला गुण वर आला, असा त्याचा सारांश. वरचे साहेब खूश झाले आणि बढतीची गोष्ट निघाली. ती व्हावी असं आम्हा सर्वांनाच वाटत होतं. आजारी जनावर पाहायला रात्रीबेरात्री येणारा असा माणूस आधी कोणी पाहिलेला नव्हता.

मग खच्चीकरणाचा दिवस आला. भुऱ्याला लिंबाला बांधलं. साहेबांनी पिशवीतून चिमटा काढला आणि म्हातारीला समजावू लागले, की आजी, हे पुढच्या पिढ्यांसाठी आहे. म्हातारी भुऱ्याच्या आडवी उभी राहिली.

"साहेब, त्या वासराईचे कान पाहा. मंग याचा पाहा."

साहेबांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एखादं जनावर समोरून पाहिलं असावं.

"तुमचा जावई दोन वर्सापासून नुसता खाऊन राह्यला. गाय दिसली का बसून घेते."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुमी एवढ्या दुरून येता. तुमाले हात हलवत वापस कसं धाडाव?"

पाटील जमिनीकडे बघत होते. मी रजिस्टर मिटलं. साहेबांनी भुऱ्याच्या मुडपलेल्या कानाला हात लावला आणि सवयीने विचारलं, "याचा आजा कोण?"

"त्याले कोन इचारते? माह्या सासऱ्याचा बाप कोन, ते बी मले ठाव नाई."

साहेबांनी चिमटा पिशवीत ठेवला.

परतताना मी त्यांना सुचवलं, की अहवाल गेला तो गेला. कान काही अकोल्याला जाऊन बोलणार नाहीत. पाटलांनीही निरोप धाडला, की साहेबांची बढती होऊ द्या, गाव तोंड उघडणार नाही. त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसरा अहवाल लिहिला, एका पानाचा. रजिस्टरमध्ये प्रत्येक वासरासमोर 'सरकारी' खोडून 'भुऱ्या' लिहिलं, स्वतःच्या हाताने. भुऱ्याच्या आज्याच्या रकान्यात लिहिलं, 'ठाऊक नाही. बहुधा चांगला असावा.' असं वाक्य त्या रजिस्टरात त्याआधी कधी आलं नव्हतं. खच्चीच्या यादीतून भुऱ्याचं नाव गेलं.

अकोल्याचं उत्तर लवकर आलं. योजना बंद, वळू परत, साहेबांची बदली.

एकाच लॉरीतून दोघं गेले. ड्रायव्हरशेजारी जागा होती, पण वळूला एकट्याने प्रवास सोसत नाही म्हणून साहेब मागे बसले. मांडीवर ट्रंक, ट्रंकेवर म्हातारीने दिलेली वांगी. सारं किन्हीराजा निरोपाला उभं होतं. जावई या वेळी मुकाट्याने चढला होता.

सरकारी वळू परत करायचा वेगळा फॉर्म दवाखान्यात नव्हता. बादल्या आणि दोरखंड परत करायचा जो फॉर्म होता, तोच साहेबांनी आदल्या दिवशी भरला. त्याची नक्कल माझ्याकडे कित्येक वर्षं होती. जिन्नस: वळू, एक. स्थिती: न वापरलेला.